ऊर्ध्व प्रावरणाचा शोध : तरंगवेग आणि त्याचा अर्थ

रशियातील कोला द्वीपकल्पावर घेतलेले छिद्र हे मानवाने आजवर घेतलेले सर्वांत खोल छिद्र होय. तथापि ते 12 किलोमीटरांच्या किंचित पुढे जाऊन कवचातच थांबले. त्याखालील प्रावरणाचे अंतरंग जाणण्याचे प्रमुख साधन म्हणजे भूकंपतरंग. 1909 सालच्या क्रोएशियातील भूकंपाच्या नोंदींवरून मोहोरोविचिच यांनी कवच व प्रावरण यांची सीमा निश्चित केली, ती याच साधनाच्या आधारे.

तरंगाचा वेग माध्यमाच्या स्थितिस्थापकतेवर व घनतेवर अवलंबून असतो. पुढे गुटेनबर्ग यांनी सुमारे 100 ते 200 किलोमीटर खोलीच्या पट्ट्यात हा वेग घटतो, असे प्रतिपादन केले. या पट्ट्यातून दुय्यम तरंग पार जातात; अर्थात तो द्रवरूप नव्हे. परंतु तेथील खडक केवळ अधिक तप्त आहेत, त्यांत अल्पसा द्रवांश आहे, की त्यांचे रासायनिक संघटनच निराळे आहे, याचा निर्णय एकट्या वेगावरून होत नाही. एकाच परिणामाला अनेक कारणे संभवतात, ही या शास्त्रातील मूळ अडचण होय.

तिच्यातून वाट काढण्यास सुमारे 410 व 660 किलोमीटर खोलीवरील सीमा उपयोगी पडतात. पहिल्या सीमेवर ऑलिव्हिन हे खनिज अधिक घन अशा वॅड्स्लेाइटचे रूप घेते. दुसऱ्या सीमेवर रिंगवुडाइटचे विघटन होऊन ब्रिजमनाइट व फेरोपेरिक्लेज ही खनिजे निर्माण होतात. प्रयोगशाळेतील उच्चदाब प्रयोगांवरून असे दिसते की, तापमान उतरले असता पहिले परिवर्तन कमी दाबास, म्हणजे उथळ जागी घडते, तर दुसरे अधिक खोल जाते. म्हणजेच प्रावरण शीत असेल तेथे या दोन सीमांमधील अंतर वाढते व तप्त असेल तेथे ते घटते. इझू-बोनिन बेटांच्या परिसरात, जेथे शीत सागरी पट्ट खाली उतरत आहे, तेथे 660 किलोमीटरची सीमा खाली दबलेली आढळते.

हे अंतर मोजावयाचे कसे? खालून वर येणाऱ्या प्राथमिक तरंगाचा काही अंश प्रत्येक सीमेवर दुय्यम तरंगात रूपांतरित होतो व मंदगती असल्यामुळे स्थानकावर मागाहून पोचतो. या विलंबावरून सीमेची खोली काढता येते. दोन्ही सीमांच्या विलंबांची वजाबाकी केली म्हणजे वरच्या 400 किलोमीटरांतील वेगाविषयीची अनिश्चितता बहुतांशी नाहीशी होते.

तथापि खनिजांत सामावलेले पाणीही या सीमांचे स्थान बदलते. म्हणून वेग, सीमांची खोली व प्रयोगशाळेतील निष्कर्ष ही तिन्ही प्रमाणे एकत्र ताडून पाहिल्यावाचून प्रावरणाच्या तापमानाविषयी विधान करणे धाडसाचे ठरेल.