घरातल्या घरात वाट चुकते तेव्हा

जुन्या जयपुरात वाट चुकणे तसे अवघडच. सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये वसवलेल्या या नगरीचे रस्ते सरळ, चौक ठळक; उगवतीच्या वेशीला सूरजपोल, मावळतीच्या वेशीला चांदपोल. नाव घेतले की दिशा कळावी! त्या चांदपोलाच्याही पश्चिमेला खातीपुरा. अशा नव्या वस्तीतल्या चकचकीत घरात मात्र एखाद्या आजींना खोलीपासून संडासापर्यंतची दहा पावले सापडेनाशी होतात. मग कपडे खराब होतात, सून चिडते, मुलाला वाटते आई मुद्दामच करते, आणि आजी शरमेने पाणी पिणेच कमी करतात.

हा हट्ट नव्हे. याचे कारण बहुधा स्मृतिभ्रंश, ज्याला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना, म्हणजे शंभरात सातांहून अधिक जणांना, तो आहे. त्यातला सर्वाधिक आढळणारा प्रकार अल्झायमर. मेंदूच्या ज्या भागात जागेचा नकाशा तयार होतो, तोच भाग या रोगात आधी झिजतो. त्यामुळे माहेरचा वाडा लख्ख आठवतो, पण मुलाच्या बदलीमुळे नशिबी आलेले नवे घर काही केल्या ‘पाठ’ होत नाही.

नकाशा पुसला तरी समोर दिसणारी ओळखीची वस्तू पुष्कळ काळ ओळखता येते. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका अल्झायमर केंद्रात याचा अभ्यास झाला व तो १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. कमोड पडद्याआड न ठेवता नजरेसमोर ठेवला, तेव्हा रुग्ण आपणहून त्याचा कितीतरी अधिक वापर करू लागले. ना औषध, ना खर्च!

आपल्याकडे नेमके उलटे असते. संडासाचे दार बंद, तेही भिंतीच्याच रंगाचे. राजस्थानात मकराण्याचा संगमरवर हाताशी, म्हणून फरशी पांढरी, टाइल्स पांढऱ्या, कमोडही पांढराच. थकलेल्या डोळ्यांना त्यातून बसायची जागा शोधता येत नाही. कमोडचे झाकण गडद निळे किंवा लाल बसवावे, दार दिवसा उघडे ठेवावे, रात्री आत मंद दिवा असावा. दारावर साधे, मोठे चित्र आणि आजींच्या तोंडातला शब्द लिहावा. मराठी आजींसाठी ‘टॉयलेट’पेक्षा ‘संडास’ बरा. उशिरा शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते. पाटी जरा खाली लावावी, कारण वाकून चालणाऱ्याची नजर जमिनीकडे असते.

खोलीच्या दाराशी त्यांचा फोटो लावायचा तर तरुणपणीचा लावा. आजचा चेहरा त्यांना परका वाटू शकतो. आरशातल्या ‘त्या बाई’ला घाबरून न्हाणीघरात पाऊल न टाकणारे रुग्णही असतात, अशा वेळी आरसा झाकून ठेवावा.

खुणा फसवतातही. उंबऱ्याशी टाकलेले काळे पायपुसणे खड्डा भासते, चकाकणारी फरशी ओली वाटते. राजस्थानी घरातला मांडणा काय किंवा आपली रांगोळी काय, जमिनीवरची नक्षी ओलांडायला पाय उंच उचलला जातो आणि तोल जातो. सणाची रांगोळी चालण्याच्या वाटेवरून बाजूला घेतली तर कुणाचे काही बिघडत नाही.

रंगाचा उपयोग ताटातही होतो. बोस्टनच्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले, की पांढऱ्याऐवजी गडद लाल भांडी दिल्यावर बळावलेल्या अल्झायमरचे रुग्ण सुमारे २५ टक्के जास्त जेवले. पांढऱ्या ताटातला दहीभात न दिसल्यामुळेच कदाचित उरत असेल.

पण उत्साहाच्या भरात कपाटा-कपाटावर चिठ्ठ्या डकवू नयेत; गर्दीत एकही खूण दिसत नाही. दोन-तीन पुरेत, आणि त्यांची जागा बदलू नये. सुरुवातीला हात धरून खुणेपर्यंत नेत राहावे लागते. रोग फार पुढे गेला की चित्राचाही अर्थ लागत नाही, हेही खरे.

आजींचा गोंधळ अचानक, दोन-चार दिवसांतच वाढला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. लघवीचा संसर्ग किंवा नवे औषध हे त्याचे कारण असू शकते. मोतीबिंदूही तपासून घ्यावा. तसे काही नसेल, तर डायपरचे पाकीट आणण्यापूर्वी आठवडाभर ते एक दार उघडे ठेवून पाहावे.