शर्यतमार्गावरील ब्रेक पॅड आणि ब्रेकचे उष्णता-व्यवस्थापन

शर्यतमार्गावर (ट्रॅकवर) मोटार चालवताना ब्रेकमध्ये निर्माण होणारी उष्णता ही रस्त्यावरील वापराच्या मानाने कितीतरी अधिक असते. ही उष्णता सोसू शकतील असे ब्रेक पॅड निवडणे आणि ती डिस्क, कॅलिपर व ब्रेक ऑइल यांच्या सहनमर्यादेत ठेवणे याला ब्रेकचे उष्णता-व्यवस्थापन म्हणतात. रस्त्यासाठी बनवलेले पॅड शर्यतमार्गावर थोड्याच फेऱ्यांत निष्प्रभ होऊ शकतात; उलट केवळ शर्यतीसाठी बनवलेले पॅड रस्त्यावर थंड असताना पुरेसे पकडत नाहीत. म्हणून या विषयात ‘सर्वांत चांगला पॅड’ असे काही नसते. वाहन, मार्ग आणि चालवण्याची पद्धत यांना अनुरूप असा पॅड असतो.

तत्त्व

ब्रेक हे वाहनाच्या गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणारे साधन आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वेग दुप्पट झाला की थांबवण्यासाठी लागणारी ऊर्जा चौपट होते. चालकासह १५०० किलोग्रॅम वस्तुमान असलेल्या मोटारीची ताशी १०० किलोमीटर वेगाला गतिज ऊर्जा सुमारे ५.८ लाख ज्यूल, तर ताशी २०० किलोमीटर वेगाला सुमारे २३ लाख ज्यूल असते.

हीच मोटार सरळ मार्गाच्या शेवटी ताशी २०० वरून ८० किलोमीटर वेगावर आणली, तर सुमारे १९.४ लाख ज्यूल ऊर्जा काढून टाकावी लागते. एवढ्या ऊर्जेत २० अंश सेल्सिअस तापमानाचे जवळजवळ पावणेसहा लिटर पाणी उकळीला येईल. शर्यतमार्गावर हे काम साधारण साडेतीन ते चार सेकंदांत होते. यातील थोडा भाग हवेचा रोध आणि इंजिन घेतात; उरलेली सारी उष्णता ब्रेकमध्ये उतरते.

वेग कमी होताना वाहनाचा भार पुढे झुकतो, त्यामुळे पुढच्या ब्रेकवर सामान्यतः दोनतृतीयांशाहून अधिक काम पडते. वरील उदाहरणात पुढच्या दोन चाकांनी ७० टक्के वाटा उचलला आणि प्रत्येक पुढची डिस्क १० किलोग्रॅमची बिडाची असली, तर एकाच वेळच्या ब्रेकने तिचे सरासरी तापमान सुमारे १५० अंशांनी वाढते. पुढचे वळण येईपर्यंत ती थोडी निवते, पण पूर्ण निवत नाही. प्रत्येक फेरीत तापमानाची पायरी वर चढत जाते आणि जेवढी उष्णता आत येते तेवढीच हवेत जाऊ लागली की ते स्थिरावते. ही स्थिरावण्याची पातळी पॅड आणि ब्रेक ऑइल यांच्या मर्यादेच्या खाली राहिली पाहिजे, हाच उष्णता-व्यवस्थापनाचा गाभा होय.

ब्रेक निकामी होण्याचे प्रकार

उष्णतेमुळे ब्रेकची शक्ती घटण्याला इंग्रजीवरून ‘ब्रेक फेड’ असे म्हटले जाते. त्याचे तीन प्रकार असून त्यांतील फरक चालकाला पायाखाली ओळखता येतो.

पॅडची क्षीणता: पॅडचे तापमान त्याच्या मर्यादेपलीकडे गेले की घर्षण गुणांक झपाट्याने घसरतो. पेडल नेहमीसारखे घट्ट लागते, पण कितीही दाबले तरी मोटार पुरेशी मंदावत नाही.

नव्या पॅडची क्षीणता: पॅडमधील घटकांना बांधून ठेवणारे राळेसारखे पदार्थ प्रथमच खूप तापले की वायू सोडतात. हा वायू पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये पातळ थर धरतो व पकड सुटते. नवा पॅड रीतसर तापवून तयार न करता थेट शर्यतमार्गावर वापरल्यास हा प्रकार घडतो.

ब्रेक ऑइल उकळणे: उष्णता पॅडमधून पिस्टनकडे आणि तेथून ऑइलकडे जाते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. त्यामुळे पेडल स्पंजासारखे मऊ होते आणि शेवटी थेट तळाला जाते. तिन्हींत हा प्रकार सर्वांत धोक्याचा आहे, कारण तो बहुधा अचानक आणि वेग सर्वाधिक असताना, म्हणजे सरळ मार्गाच्या टोकाला, उघड होतो. अशा वेळी पेडल वारंवार भराभर दाबून काही दाब मिळवता येतो व खालच्या गिअरचा आधार घेता येतो. परंतु त्यानंतर मोटार ताबडतोब मार्गाबाहेर घेणे आवश्यक असते.

ब्रेक पॅडचे प्रकार

सेंद्रिय पॅड: तंतू, भरणद्रव्ये आणि राळ यांपासून बनतात. आवाज कमी करतात, डिस्क फारशी झिजवत नाहीत व थंड असतानाही चांगले पकडतात. उष्णता सोसण्याची क्षमता मात्र मर्यादित असते.

सिरॅमिक पॅड: रस्त्यावरील मोटारींत लोकप्रिय. धूळ व आवाज कमी. यांच्या नावामुळे ते शर्यतीसाठी योग्य असल्याचा गैरसमज होतो. प्रत्यक्षात बहुतेक सिरॅमिक पॅड शांत आणि स्वच्छ वापरासाठीच घडवलेले असतात. कार्बन-सिरॅमिक डिस्कशी त्यांचा संबंध नाही.

अर्धधात्विक पॅड: लोखंडी तंतू व धातूची भुकटी यांचे प्रमाण अधिक असते. जास्त तापमान सोसतात, परंतु आवाज आणि डिस्कची झीज वाढते. शर्यतमार्गासाठीचे बरेचसे पॅड या कुळातील असतात.

सिंटर्ड पॅड: धातूची भुकटी दाब व उष्णता देऊन एकजीव केलेली असते. मोटारसायकलींत यांचा वापर विशेष आढळतो. हे पॅड उष्णता चांगली वाहतात, त्यामुळे ती ऑइलकडे जाण्याचा धोका ध्यानात घ्यावा लागतो.

पूर्वी ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस सर्रास वापरले जाई. त्याच्या तंतूंमुळे होणारे फुप्फुसांचे विकार लक्षात आल्यावर अनेक देशांत त्यावर बंदी आली. आजही ब्रेकची धूळ हवेच्या फवाऱ्याने उडवू नये. ती ओल्या फडक्याने पुसावी.

पॅडची निवड

पॅड निवडताना पुढील बाबी पाहिल्या जातात.

तापमानाची कक्षा: सामान्य रस्त्याचे पॅड थंडीपासून साधारण ३५० ते ४०० अंशांपर्यंत काम करतात. शर्यतीचे पॅड ६०० अंशांपलीकडेही टिकतात, पण त्यांतील अनेकांना नीट पकडण्यासाठी आधी शंभर-दोनशे अंश उष्णता लागते. नेमकी कक्षा उत्पादकागणिक वेगळी असते.

घर्षण गुणांक: रस्त्याच्या पॅडचा गुणांक बहुधा ०.३ ते ०.४ असतो, शर्यतीच्या पॅडचा ०.४ ते ०.६. गुणांक जास्त म्हणजे पॅड चांगला असे नव्हे. टायरची पकड कमी असेल तर जास्त गुणांकाच्या पॅडने चाके केवळ लवकर अडकतात. तापमान बदलले तरी गुणांक किती स्थिर राहतो, ही बाब अधिक महत्त्वाची. पॅडच्या कडेवर छापलेली दोन अक्षरे सामान्य व तप्त अवस्थेतील गुणांकाचा गट दाखवतात: ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. ही चाचणी लहान नमुन्यावर व शर्यतमार्गाहून सौम्य तापमानात होत असल्याने त्यावरून पॅडची अंतिम मर्यादा कळत नाही.

पुढचा-मागचा समतोल: केवळ पुढे किंवा केवळ मागे तीव्र पॅड बसवल्यास ब्रेकच्या बळाची वाटणी बदलते. मागची चाके आधी अडकली तर मोटार गरकन फिरण्याचा धोका असतो.

मार्ग व वाहन: लांब सरळ पट्टा व त्यानंतर तीव्र वळण असलेला मार्ग ब्रेकची कठोर परीक्षा घेतो. २०११ मध्ये सुरू झालेल्या ग्रेटर नोएडा येथील ५.१२५ किलोमीटर लांबीच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. तेथील पल्लेदार वेग आणि कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेसारख्या आखूड मार्गावरील वेग यांत मोठे अंतर आहे. तथापि आखूड मार्गावर ब्रेक पुन्हा पुन्हा लागतात आणि निवण्यास वेळ कमी मिळतो, हेही विसरता येत नाही.

ब्रेक ऑइल

बहुतेक ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. म्हणून प्रत्येक दर्जासाठी कोरड्या आणि ओल्या (सुमारे ३.७ टक्के पाणी शोषलेल्या) अवस्थेतील किमान उत्कलनबिंदू ठरवून दिलेले आहेत.

डॉट ३: कोरडे २०५ अंश, ओले १४० अंश
डॉट ४: कोरडे २३० अंश, ओले १५५ अंश
डॉट ५.१: कोरडे २६० अंश, ओले १८० अंश

शर्यतीसाठीच्या खास ऑइलचा कोरडा उत्कलनबिंदू ३०० अंशांपलीकडे असतो. डॉट ५ हे सिलिकोनवर आधारलेले असून ते इतर प्रकारांत मिसळू नये. उत्तम पॅड बसवून जुने ऑइल तसेच ठेवणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक होय: पॅड अधिक उष्णता सोसतो, म्हणून चालक ब्रेक अधिक वापरतो, आणि ती वाढीव उष्णता दुबळ्या ऑइलवर येऊन पडते.

पॅड व डिस्क जुळवणे

नवा पॅड क्रमाक्रमाने तापवून डिस्कवर त्याच्या द्रव्याचा पातळ, एकसारखा थर चढवावा लागतो. यासाठी मोकळ्या व सुरक्षित मार्गावर मध्यम वेगापासून सुरुवात करून ब्रेक अनेकदा, दर वेळी थोडा अधिक जोर देऊन लावतात. मोटार पूर्ण थांबवत नाहीत. नंतर ब्रेक न वापरता काही अंतर चालवून सारे निवू देतात. नेमकी पद्धत पॅडच्या उत्पादकाने दिलेली पाळावी.

तप्त ब्रेक दाबून मोटार उभी ठेवल्यास पॅडचे द्रव्य डिस्कला एकाच जागी चिकटते. पुढे ब्रेक लावताना हादरे बसतात आणि डिस्क वाकली असे मानले जाते. पुष्कळदा दोष वाकण्याचा नसून या असमान थराचा असतो.

उष्णता कमी करण्याचे उपाय

डिस्क: मोठ्या व जड डिस्कचे तापमान एका ब्रेकला कमी वाढते. आतून पोकळ, पंखांची रचना असलेली डिस्क फिरताना हवा खेचते व लवकर निवते. भोके पाडलेल्या डिस्कला भोकांच्या कडेपासून तडे जाण्याचा संभव असतो. म्हणून बिडाच्या डिस्कबाबत शर्यतमार्गावर खाचांच्या किंवा सपाट डिस्कला पसंती दिली जाते.

हवेचे नळ: मोटारीच्या पुढील भागातून हवा घेऊन ती नळीने डिस्कच्या मध्यभागी सोडणे हा सर्वांत परिणामकारक उपायांपैकी एक आहे. हवा केवळ बाहेरच्या पृष्ठावर सोडल्यास डिस्कची एक बाजू अधिक तापते.

उष्णतारोधक पत्रे: पॅड व पिस्टन यांच्यामध्ये टायटॅनियमचा पातळ पत्रा बसवल्यास ऑइलकडे जाणारी उष्णता घटते.

तापमान मोजणे: डिस्कच्या कडेला लावायच्या खास रंगांतील हिरवा सुमारे ४३०, नारिंगी ५६० आणि लाल ६१० अंशांना बदलतो. कोणता रंग पालटला यावरून डिस्कने गाठलेले कमाल तापमान कळते आणि पॅडची निवड अंदाजावर सोडावी लागत नाही.

चालवण्याची पद्धत: ब्रेक दीर्घकाळ हलका घासत ठेवण्याऐवजी थोडा वेळ, पण ठामपणे लावावा. काही वेगवान फेऱ्यांनंतर एक फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता पूर्ण करावी. मोटार उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नये. ती गिअरमध्ये ठेवून चाकाला अडण लावावी.

इतिहास

१८८८ साली बेर्टा बेंझ यांनी आपल्या प्रसिद्ध लांब प्रवासात झिजलेल्या लाकडी ब्रेकवर चर्मकाराकडून चामडे ठोकून घेतले. ब्रेकच्या अस्तराचे हे आरंभीचे उदाहरण मानले जाते. १८९७ मध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी इंग्लंडमध्ये ब्रेकच्या अस्तरांचा उद्योग सुरू केला. त्यांच्या आडनावातील अक्षरांवरूनच ‘फेरोडो’ हे नाव पडले. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. १९५३ च्या ल माँ येथील २४ तासांच्या शर्यतीत डनलॉपचे डिस्क ब्रेक असलेली जॅग्वार सी-टाइप मोटार विजयी झाली. प्रतिस्पर्ध्यांचे ड्रम ब्रेक तापून मंदावत असताना तिचे चालक उशिरा आणि भरवशाने ब्रेक लावू शकत होते. या विजयानंतर डिस्क ब्रेकचा प्रसार वेगाने झाला.

रस्त्यावरील वापराशी संबंध

शर्यतमार्गाचे पॅड लावून रोज रस्त्यावर फिरणे योग्य नाही. सकाळी पहिल्यांदा ब्रेक लावताना पॅड थंड असतो व थांबण्याचे अंतर वाढू शकते. शिवाय कर्कश आवाज येतो आणि डिस्क लवकर झिजते. म्हणून अनेक हौशी चालक शर्यतमार्गावर पोहोचल्यावर पॅड बदलतात.

मात्र उष्णतेचे हे गणित केवळ शर्यतीपुरते नाही. २५ टन वजनाचा ट्रक ५०० मीटर उंचीचा घाट उतरतो, तेव्हा सुमारे १२ कोटी ज्यूल ऊर्जा कोठेतरी जावी लागते. खंडाळ्याच्या घाटासारख्या उतारावर ती सर्व ब्रेकवर टाकल्यास ब्रेक तापून निकामी होतात. खालच्या गिअरमध्ये घाट उतरावा आणि इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये, या नियमामागचे कारण हेच आहे.

हे सुद्धा पहा

डिस्क ब्रेक
ड्रम ब्रेक
घर्षण
गतिज ऊर्जा
ल माँची २४ तासांची शर्यत