डिझाइन स्प्रिंट, प्रकल्पशिक्षण आणि चाचणीची भाषा

जेक नॅप ह्यांनी २०१० साली गूगलमध्ये जी कार्यपद्धती घडविण्यास आरंभ केला, ती ‘डिझाइन स्प्रिंट’ ह्या नावाने ओळखली जाते. स्प्रिंट म्हणजे थोड्या अंतराची वेगवान धाव. सोमवारी जाणकारांस विचारून प्रश्नाचा नकाशा मांडावयाचा, मंगळवारी प्रत्येकाने उपाय स्वतंत्रपणे रेखाटावयाचा, बुधवारी त्यांतून निवड करावयाची, गुरुवारी खराखुरा भासेल असा नमुना उभारावयाचा आणि शुक्रवारी तो पाच उपयोगकर्त्यांपुढे, एकेकास बसवून, ठेवावयाचा, असा तिचा क्रम आहे.

मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात २०१९ च्या ‘सी’ योजनेने तिसऱ्या ते सहाव्या सत्रांत तीन-चार विद्यार्थ्यांच्या गटांनी करावयाचे लघुप्रकल्प आणले. अशा प्रकल्पांस ही पद्धती सोयीची आहे. सलग पाच दिवस वेळापत्रकात मोकळे सापडत नाहीत, म्हणून पायऱ्या पाच आठवड्यांवर पसरल्या तरी फारसे बिघडत नाही. बिघडते ते शुक्रवारची चाचणी वर्गबंधूंवरच उरकल्याने.

घाटकोपरच्या एखाद्या किराणा दुकानदारासाठी उधारीच्या वहीची जागा घेणारे ॲप गटाने योजिले, असे समजावे. पडद्यावर ‘क्रेडिट’ आणि ‘डेबिट’ अशी दोन बटणे आहेत. विद्यार्थ्याच्या मनात ‘क्रेडिट’ म्हणजे उधार दिलेला माल. दुकानदारास मात्र तोच शब्द बँकेच्या संदेशांतून भेटतो, आणि तेथे त्याचा अर्थ पैसे जमा झाले असा होतो. गिऱ्हाइकाने पैसे दिले की तो ‘क्रेडिट’ दाबील, आणि ज्याची बाकी फिटली त्याच्याच नावावर ती दुप्पट चढेल. (जमाखर्चाच्या शास्त्रानेही चूक विद्यार्थ्याचीच ठरते.) वर्गबंधूस हा दोष दिसणार नाही; कारण तो शब्द वाचीत नाही, मित्राचा हेतू वाचतो.

‘क्रेडिट’चे भाषांतर केल्यानेही प्रश्न सुटत नाही. मराठी वहीत ‘जमा’समोर ‘नावे’ असते, गुजराती वहीत ‘उधार’. आणि घाटकोपरात दुकानदार गुजराती भाषिक असण्याचा संभव मोठा. कोणता शब्द चालेल हे कोशात पाहून ठरत नाही.

विचारण्याची रीतही महत्त्वाची आहे. ‘समजलं ना?’ ह्या प्रश्नास मराठी माणूस भिडेखातर ‘हो’ म्हणतो, आणि ते उत्तर निरुपयोगी होय. ‘शेठ, आत्ता साखर उधार दिलीत, तर काय दाबाल?’ असे विचारून बोट कोठे जाते ते पाहावे, आणि तोंडून निघालेले शब्द जसेच्या तसे टिपावेत. प्रत्येक गटाने नोंदवही ठेवावी अशी ‘सी’ योजनेत अपेक्षा होती. ती इंग्रजीत लिहावयाची असली, तरी दुकानदाराचे शब्द देवनागरीत, त्याच्या उच्चारासह उतरले पाहिजेत. ‘युजर कन्फ्यूज्ड’ एवढ्या नोंदीवरून बटणाचे नाव बदलता येत नाही.

नॅप ह्यांच्या योजनेत सोमवारी ज्या जाणकारांस विचारावयाचे, त्यांत हा दुकानदारही बसतो. त्याची वही पहिल्याच दिवशी पाहिली, तर निम्मे शब्द तेथेच सापडतील. मात्र त्यासाठी दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना जावे.