डाव्या बाजूचा अबोला

मराठीच्या प्राध्यापकाने व्याकरण सोडून वायरींच्या नादी लागू नये, असे आमच्या सौभाग्यवतींचे स्पष्ट मत आहे. तरीही मी पाचूबंदरच्या आमच्या घरात, डाग देताना बोटे भाजून घेत, व्हॉल्व्हचा प्रीॲम्प्लिफायर जुळवलाच. टेपचा आवाज थोडा वाढवून मोठ्या ॲम्प्लिफायरच्या स्वाधीन करणारी ही पेटी. सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणले. दोन्ही बाजूंना एकेक ईसीसी 83. या नावालाही व्याकरण आहे बरे का! 'ई' म्हणजे 6.3 व्होल्टवर तापणारी तार, 'सी' म्हणजे ट्रायोड आणि 'सीसी' म्हणजे एकाच काचेत दोन ट्रायोड. चक्क द्वंद्व समास!

हा ट्रायोड ली द फॉरेस्ट यांनी 1906 साली घडवला. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन ॲनोडकडे धावतात, मधली जाळी त्यांना अडवते किंवा सोडते. जाळीवरची बारीकशी थरथर ॲनोडवर मोठी होऊन उमटते. सारी जादू एवढीच.

या खटाटोपामागे एक कॅसेट होती. 1991 च्या दिवाळीत काकांनी आईबाबांच्या गप्पा टेप केल्या होत्या. डावा मायक्रोफोन बाबांच्या तोंडाशी, उजवा आईच्या. बाबांना जाऊन आता चार वर्षे झाली. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मी आईला खुर्चीत बसवले आणि मोठ्या तोऱ्यात कळ दाबली. उजवीकडून आई बोलू लागली, डावीकडे चिडीचूप! आई मध्येच हसत होती, न ऐकू येणाऱ्या प्रश्नांना उत्तरे देत होती.

"बंद कर रे," मी म्हणालो तसे मुलगा उठला.

"राहू दे," आई म्हणाली. "चार वर्षं मी हेच तर करते आहे."

त्या रात्री झोप कुठली? मनात आले, सगळे उपसून पुन्हा डाग द्यावेत. मग स्वतःलाच दटावले, 'वर्गात पोरांना सांगतोस ना, आधी वाक्य कुठे अडले ते शोधा!'

कॅसेटकडून येणाऱ्या वायरी अदलाबदल केल्या. मुकी राहिली ती डावीच बाजू. म्हणजे कॅसेट निर्दोष. पुढे ॲम्प्लिफायरला जाणाऱ्या वायरी बदलल्या; आता उजवा स्पीकर गप्प. म्हणजे स्पीकरही निर्दोष, गुन्हेगार पेटीतच. दोन्ही व्हॉल्व्ह एकमेकांच्या जागी लावले, तरी शांतता जागची हलेना. व्हॉल्व्हही सुटले.

मग मीटर. आत सुमारे 250 व्होल्ट खेळत असतात आणि बटण बंद केले तरी कपॅसिटरमध्ये ते दबा धरून राहतात. म्हणून एक हात खिशात. उजवीकडे पहिल्या ट्रायोडच्या ॲनोडवर 165 व्होल्ट, डावीकडे मात्र पूर्ण 250! उजव्या कॅथोडवर सव्वा व्होल्ट, डाव्या कॅथोडच्या टोकावर शून्य. तार तर लाल दिसत होती. याचा अर्थ एकच, नळीतून प्रवाहच वाहत नव्हता. कॅथोडची वाट कुठेतरी तुटली होती.

बटण बंद करून, कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करून मी व्हॉल्व्ह उपसला. सॉकेटच्या तिसऱ्या भोकात भिंग धरले. हिरवट बुरा, आणि त्याखाली चिमटी खाऊन गेलेली. चार पैसे वाचवायला मी डावीकडे जुने सॉकेट बसवले होते. खिडकीबाहेर बांबूंवर बोंबील वाळत होते आणि समुद्राचा वारा आत येत होता. किल्ल्याचे दगड खाणाऱ्या त्या खाऱ्या हवेने पितळेच्या एवढ्याशा चिमटीची काय पत्रास ठेवावी!

चिनी मातीचे नवे सॉकेट बसवायला भाऊबीज उजाडली. आईला पुन्हा खुर्चीत बसवले. या वेळी तोरा नव्हता. डावीकडून थोडी खरखर आली आणि बाबा म्हणाले, "चकलीत तिखट जास्त झालंय हो यंदा."

टेपमधल्या आईने तोंड उघडण्याआधीच खुर्चीतली आई म्हणाली, "मग खाऊ नका!"