आधी ऐकणाऱ्याने वाचावं

मागच्या व्याख्यानानंतर जिन्यात एका बाईंनी मला थांबवलं. हळू आवाजात म्हणाल्या, "सर, माझा मुलगा म्हणतो तो समलिंगी आहे. मी काय वाचू?" गर्दी होती. मी घाईने दोन नावं सांगितली आणि निघालो. ते बरं झालं नाही. म्हणून आज त्या प्रश्नाचं नीट उत्तर देतो.

आधी एक कबुली. चाळीसेक वर्षांपूर्वी एक विद्यार्थी तास संपल्यावर माझ्याकडे आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "सर, मला मुली आवडत नाहीत. मुलगेच आवडतात." मी पडलो तत्त्वज्ञानाचा मास्तर! कपाटातून प्लेटोचा 'सिंपोझियम' काढला आणि त्याच्या हातात दिला. त्यात ॲरिस्टोफेनिस एक गोष्ट सांगतो. मूळची माणसं जोडीने चिकटलेली होती, चार हात आणि चार पायांची. झ्यूसने त्यांना मधोमध कापलं. तेव्हापासून जो तो आपला तुटलेला अर्धा भाग शोधत फिरतो. कुणी पुरुष पुरुषाला शोधतो, कुणी स्त्री स्त्रीला, तर कुणी स्त्री-पुरुष एकमेकांना. मला वाटलं, इतका जुना दाखला मिळाल्यावर मुलाला धीर येईल. आठवड्याने त्याने पुस्तक परत केलं. म्हणाला, "छान आहे सर. पण यात कुणाची आईच नाही."

त्या विषयावर तो पुन्हा माझ्याशी बोलला नाही. त्याने मला काहीतरी सांगितलं होतं आणि मी त्याला पुस्तक देऊन वाटेला लावलं होतं.

यातली चूक मला ऑस्टिनमुळे कळली. जे. एल. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाचं म्हणणं असं, की काही वाक्यं माहिती देत नाहीत, ती काहीतरी करतात. 'मी शब्द देतो' असं म्हणणं म्हणजेच शब्द देणं. पण असं वाक्य पुरं व्हायला समोरच्याने ते झेलावं लागतं. 'कमिंग आउट' म्हणजे आपला कल घरच्यांना उघडपणे सांगणं, हे मला तसंच वाटतं. मुलगी 'आई, मला बाईच आवडते' म्हणते तेव्हा ती नुसती बातमी देत नसते. आपलं नातं यापुढे खोट्यावर नको, अशी मागणी करत असते. मग तयारी कुणाची हवी? आपण सगळी पुस्तकं सांगणाऱ्याला सुचवतो. खरं तर ती आधी ऐकणाऱ्याने वाचायला हवीत.

म्हणून त्या आईंना मी पहिलं नाव सांगेन बिंदुमाधव खिरे यांच्या 'मनाचिये गुंती'चं. पालकांचे आणि जवळच्यांचे अनुभव यात आहेत, आणि मराठीत आहेत. आमचं काय चुकलं, लोक काय म्हणतील, हे आपल्याच मनातले प्रश्न दुसऱ्या घरातही पडले होते हे पाहून माणूस जरा शांत होतो. त्याच लेखकाचं 'इंद्रधनु' माहितीसाठी चांगलं.

पालकांचा दुसरा प्रश्न असतो, 'डॉक्टरकडे न्यावं का?' अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने 1973 मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये समलिंगी असणं आजारांच्या यादीतून काढलं. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये कल 'बदलण्याचे' उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. तेव्हा मुलगा खचला असेल तर समुपदेशकाकडे जरूर न्या, पण त्याला 'बदलून आणण्यासाठी' नेऊ नका.

आता कथा-कादंबऱ्या. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' 2006 ची. एका मराठी घरात पेइंग गेस्ट येतो आणि भाऊ-बहीण दोघंही त्याच्या प्रेमात पडतात. आधी भाऊ बोलतो, मग बहीण. बहिणीचं दुःख घराला दिसतं, त्यावर आरडाओरडा तरी होतो. भावाचं दुःख त्याच छपराखाली असून कुणाला ठाऊकच नसतं. 'न सांगता येणं' म्हणजे काय, हे माझ्या तासभराच्या बोलण्यापेक्षा ती कादंबरी जास्त समजावते.

तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' 1981 मध्ये रंगभूमीवर आलं. स्त्रीवर प्रेम करणारी नायिका मराठी नाटकात आणणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. ते जरूर वाचा. पण शेवट मृत्यूचा आहे. घाबरलेल्या मुलीच्या हाती पहिलंच पुस्तक म्हणून ते देऊ नका, नाहीतर आपल्यालाही हाच एक शेवट आहे असं तिला वाटायचं. तिच्यासाठी अश्विनी सुखठणकर यांनी संपादित केलेलं 'फेसिंग द मिरर' आहे, 1999 चं. इंग्रजी आहे, पण भारतातल्या अनेक जणी त्यात स्वतःविषयी लिहितात.

उभयलिंगी माणसांची वेगळीच पंचाईत. शब्दच बघा ना, शाळेत आपण तो गांडुळासाठी शिकलो! इथे अर्थ एवढाच, की स्त्री आणि पुरुष दोघांविषयीही ओढ वाटणं. त्यांना दोन्हीकडून ऐकावं लागतं, 'तुझं अजून ठरत नाही.' किन्सीने 1948 मध्ये शून्य ते सहा अशी मोजपट्टी मांडली. एका टोकाला फक्त भिन्नलिंगी, दुसऱ्या टोकाला फक्त समलिंगी, आणि मधल्या आकड्यांवरही माणसं असतात. मध्ये असणं म्हणजे गोंधळलेलं असणं नव्हे, एवढं त्यातून घ्यावं. जोडीला जेम्स बाल्डविनची 'जोव्हानीज रूम' वाचा, 1956 ची. डेव्हिड स्वतःशी खोटं बोलतो आणि त्याची किंमत जोव्हानी आणि हेला या दोघांनाही मोजावी लागते.

कुणी म्हणेल, हे सगळं बाहेरून आलेलं खूळ. त्याला र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' दाखवा. 1927 पासून 1953 पर्यंत निघालेलं हे मासिक. लैंगिक प्रश्न विचारणाऱ्या वाचकांना त्यात उत्तरं मिळत. त्यावरून खटला झाला तेव्हा, 1934 मध्ये, कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. म्हणजे विचारणारे तेव्हाही होते. ऐकून घेणारे थोडे होते.

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. पण कोर्टाचा निकाल घरातल्या जेवणाच्या टेबलावर आपोआप लागू होत नाही, बरं का.

जाता जाता दोन गोष्टी. मुलाने तुम्हाला सांगितलं म्हणून ते मावशीला, काकाला तुम्ही सांगायचं नाही; कुणाला, कधी सांगायचं हा हक्क त्याचाच. आणि तुम्हाला नुसता संशय असेल, तर पुस्तक त्याच्या हातात कोंबू नका. स्वतः वाचा. वाचता वाचता चष्मा त्यावर ठेवून चहाला उठा. घरातल्यांना ते दिसतं. या घरात हा विषय काढता येतो, एवढं कळलं की पुरे. केव्हा बोलायचं ते त्याचं तो ठरवेल. त्या वेळी मात्र माझ्यासारखं कपाटाकडे वळू नका. बसा, आणि ऐका.