रणांगणावर पडलेल्या सैनिकाचे चरित्र : साधने आणि पद्धती

प्रस्तावना

युद्धाचा इतिहास बहुधा सेनापतींच्या नावाने लिहिला जातो. लढाईत पडलेल्या शिपायाचे नाव त्यात क्वचित येते आणि त्याचे जीवन तर त्याहूनही क्वचित. दोन्ही महायुद्धांत महाराष्ट्रातील अनेक तरुण परक्या भूमीवर मृत्युमुखी पडले. अशा सैनिकाचे चरित्र कोणत्या साधनांच्या आधारे उभे करता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मृत्यूची नोंद, जीवनाचे मौन

पळसगाव (जि. रायगड) येथील नाईक यशवंत घाडगे हे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतील इतर सर्व सैनिक मशीनगनच्या माऱ्याने ठार वा जखमी झाले. घाडगे यांनी एकट्याने चाल करून हातबॉम्बने मशीनगन निकामी केली, उरलेल्या शत्रुसैनिकांना ठार केले आणि जिंकलेल्या मोर्चातच देह ठेवला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पदकाच्या मानपत्रात हा प्रसंग तपशिलाने येतो. पण तो त्यांच्या आयुष्यातील काही क्षणांचाच आहे. त्यांचे बालपण, भरतीचे कारण, मागे राहिलेले कुटुंब यांविषयी मानपत्र मौन बाळगते.

पदक न मिळालेल्या शिपायाच्या वाट्याला एवढी नोंदही येत नाही. १९१५-१६ मध्ये टेसिफोन व कुत येथे ११० व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे सैनिक लढले. मेसोपोटेमियातील (आजचा इराक) मृतांसाठी १९२९ मध्ये उभारलेल्या बसरा स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. भारतीय शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या दिली गेली. अशा विषमतेची कबुली राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ च्या अहवालात दिली.

साधने

शोधाचा आरंभ आयोगाच्या महाजालावरील सूचीपासून करावा. तीत सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, पलटण, मृत्युदिनांक आणि कित्येकदा वडिलांचे नाव व गाव मिळते. पलटणीच्या युद्धदैनंदिनीतून त्या दिवसाची हकीकत कळते. घरात पदक जपलेले असल्यास त्याची कड पाहावी. तेथे बहुधा क्रमांक, नाव व पलटण कोरलेली असते.

यापुढील साधने गावातच आहेत. वडिलांच्या किंवा भावांच्या जमिनीच्या फेरफार नोंदींतून वारसांचा मागोवा लागतो. शाळेचे जुने रजिस्टर, जन्ममृत्यूची नोंदवही, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील कागद, निवृत्तिवेतनाची पत्रे आणि गावातील स्मृतिफलक हीही उपयुक्त साधने होत. जुन्या दप्तरांसाठी मोडी लिपीचे ज्ञान आवश्यक ठरते.

दक्षता

पहिली अडचण नावाची. इंग्रज कारकुनाने कानावर पडेल तसे मराठी नाव लिहिले; त्यामुळे एकाच आडनावाची अनेक रूपे तपासावी लागतात. दुसरी अडचण प्रदेशाची. आजच्या सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट १९४८ पर्यंत स्वतंत्र संस्थान होते, रायगड जिल्हा पूर्वी कुलाबा होता आणि सांगलीचा बराच भाग साताऱ्यात मोडत असे. म्हणून गावाचा शोध तत्कालीन नकाशावर घ्यावा. पलटणीच्या नावावरून जातीचा निष्कर्षही काढू नये. मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानही होते.

कुटुंबातील आठवण हे मोलाचे साधन आहे. पण पिढ्यांच्या कथनात पराक्रम वाढतो आणि दुःख झाकले जाते. ती कागदाशी ताडून पाहावी. जेथे कागद व आठवण जुळत नाहीत, तेथे दोन्ही नोंदवून प्रश्न खुला ठेवावा. विशेषतः विधवा पत्नीचे पुढील आयुष्य हा चरित्राचाच भाग मानावा; युद्धाचे खरे मोल तेथे मोजले गेले.

निष्कर्ष

सरकारी दप्तर सैनिकाचा मृत्यू जपते. त्याचे जीवन मात्र गावाने जपले आहे. दोहोंची सांगड घातल्याविना त्याचे चरित्र पूर्ण होत नाही. हे काम स्थानिक भाषा, लिपी व माणसे जाणणाऱ्या महाविद्यालयीन अध्यापकास व त्याच्या विद्यार्थ्यांस अधिक साध्य आहे. ऐकलेली हकीकत सांगू शकणारी पिढी झपाट्याने ओसरत असल्याने ते लांबणीवर टाकण्याजोगे नाही.