राजीनामा म्हणजे हिशेब नव्हे

लोकप्रतिनिधीवर भ्रष्टाचाराचा आरोप झाला म्हणजे आपल्याकडे दोनच आवाज ऐकू येतात. विरोधक म्हणतात, राजीनामा द्या. सत्ताधारी म्हणतात, आरोप सिद्ध करा. काही दिवस गदारोळ होतो, आणि राजीनामा आलाच तर प्रकरण मिटले असे उभय पक्षांनी समजून चालावयाचे, अशी रीत या राज्यात पडली आहे. ही रीत मोडली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. राजीनाम्याने खुर्ची रिकामी होते. आरोपाचे उत्तर मिळत नाही.

महाराष्ट्राच्या तीन मुख्यमंत्र्यांना गैरव्यवहाराच्या वा अधिकाराच्या गैरवापराच्या आरोपांपायी पद सोडावे लागले. जानेवारी १९८२ मध्ये सिमेंट वाटप व प्रतिष्ठानाच्या देणग्या यांचा संबंध न्या. लेंटिन यांनी जोडला, आणि बॅ. अंतुले गेले. उरलेले दोघे आपल्या मराठवाड्याचे. मुंबई विद्यापीठाच्या एम. डी. परीक्षेत कन्येचे गुण वाढविल्याच्या प्रकरणी उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले, तेव्हा मार्च १९८६ मध्ये निलंग्याचे शिवाजीराव पाटील पायउतार झाले. त्या प्रकरणाला तोंड फोडले ते विधिमंडळाने नव्हे, त्याच परीक्षेला बसलेल्या एका डॉक्टरच्या याचिकेने! आपल्या माणसाला मुंबईने टिकू दिले नाही, अशी हळहळ या भागात अशा प्रसंगी व्यक्त होते. मराठवाड्यावरील अन्यायाची यादी लांब आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु गुणपत्रिकेतील खाडाखोड त्या यादीत घालता येणार नाही.

तिसरे प्रकरण नांदेडचे श्री. अशोक चव्हाण यांचे. कुलाब्याच्या आदर्श सोसायटीत त्यांच्या नातलगांना सदनिका मिळाल्याचे उघड झाल्यावर नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढे काय झाले ते सावकाश वाचण्याजोगे आहे. केंद्रीय अन्वेषण विभागाने जुलै २०१२ मध्ये आरोपपत्र दाखल केले. डिसेंबर २०१३ मध्ये राज्यपाल शंकरनारायणन यांनी खटल्यास मंजुरी नाकारली. राज्यातले सरकार बदलले, राज्यपालही बदलले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्यपाल विद्यासागर राव यांनी तीच मंजुरी दिली. नवा ग्राह्य पुरावा समोर नसता आधीचा निर्णय फिरविता येत नाही, या कारणाने डिसेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. श्री. चव्हाण यांनी आरोप सतत नाकारले असून कोणत्याही न्यायालयाने त्यांना दोषी ठरविलेले नाही, हे येथे नमूद केलेच पाहिजे. पुढे ते मंत्री झाले आणि २०२४ मध्ये पक्ष बदलून राज्यसभेवर गेले. पण मूळ प्रश्नाचे काय? सात वर्षे वाद चालला तो खटला भरावा की नाही याचा. साक्षीपुरावा तपासला जाण्याची वेळ आलीच नाही. जनतेला उत्तर मिळाले नाही, आणि माणूस निर्दोष असेल तर त्यालाही निर्मळ सुटका मिळाली नाही. मंजुरीचा कागद सरकारागणिक रंग बदलतो, ही शंका तेवढी सर्वांच्या मनात राहिली.

याहून निराळे घडू शकते, आणि ते याच देशात घडले आहे. १९५१ साली हंगामी संसदेतील मुंबईचे काँग्रेस सदस्य मुद्गल यांनी बुलियन असोसिएशनकडून पैसे घेऊन तिच्यासाठी खटपट केल्याचे प्रकरण पुढे आले. सभागृहाच्या समितीने चौकशी करावी, हा ठराव जूनमध्ये खुद्द पंतप्रधान नेहरूंनी मांडला. सप्टेंबरात निकाल लागला. हकालपट्टी टाळण्यासाठी मुद्गलांनी राजीनामा पुढे केला, तरीही ते हकालपट्टीसच पात्र होते, असा ठराव सभागृहाने केलाच. त्या चौकशी समितीचे अध्यक्ष टी. टी. कृष्णम्माचारी यांनाच पुढे १९५८ मध्ये मुंध्रा प्रकरणी अर्थमंत्रिपद सोडावे लागले, हा दैवदुर्विलास निराळा. पण तेथेही मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी उघड सुनावणी घेऊन चौकशी महिन्याच्या आत संपविली होती.

आणि आज? लोकायुक्त नेमणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य, याचा आपण अभिमान बाळगतो. १९७१ च्या त्या कायद्याने लोकायुक्तांना शिफारशीपलीकडे फारसे काही दिले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये विधानसभेने आणि वर्षभराने विधान परिषदेने नवे विधेयक संमत केले. त्यात मुख्यमंत्रीही आले, म्हणून टाळ्या पडल्या. मात्र मुख्यमंत्र्यांच्या चौकशीस विधानसभेच्या दोन तृतीयांश सदस्यांची संमती हवी, अशी अट त्यातच घातली गेली. २८८ च्या सभागृहात म्हणजे १९२ आमदार! ज्यांच्या बहुमतावर मुख्यमंत्री उभा, त्यांनीच त्याच्या चौकशीसाठी हात वर करावयाचे. ही अट आहे की कुलूप?

ही अट काढून टाकावी. खटल्याच्या मंजुरीचा निर्णय शक्यतो तीन महिन्यांत व्हावा, असे भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ पासून लिहिलेले आहे. तो का लांबला अथवा मंजुरी का नाकारली, हे कारणांसह विधिमंडळाच्या पटलावर ठेवणे बंधनकारक करावे. छत्रपती संभाजीनगरच्या मतदारांनी आपापल्या आमदारांना १९२ च्या या अटीविषयी त्यांचे म्हणणे काय, हे लेखी विचारावे. उत्तरे आली तर आम्ही ती याच पानावर छापू. न आल्यास तेही छापू.